ड्रमातल्या लिंबोणीला लागलेली दृष्ट

फाल्गुनातल्या एका मंगळवारी निपाणीच्या त्या गल्लीत सकाळी आठ वाजताच जी रांग लागली, ती रेशनची नव्हती, गॅसच्या टाकीची नव्हती, की मतदानाचीही नव्हती. ती रांग होती एका झाडाच्या दर्शनाची. दुमजली घराच्या बाहेरच्या जिन्यावरून ती गच्चीपर्यंत चढत गेली होती आणि तिचे शेपूट पिठाच्या गिरणीपर्यंत पोहोचले होते. दुधाची लोटी, हळदकुंकवाची पुडी, झेंडूचा हार, पेढ्यांचा बॉक्स, ज्याला जे सुचले ते हातात घेऊन लोक उभे होते. वर गच्चीवर आडवा कापलेला निळ्या प्लॅस्टिकचा ड्रम होता. त्या ड्रमात माणसाच्या छातीएवढी कागदी लिंबोणी होती. तीन वर्षांत जिने एक कळी म्हणून दाखवली नव्हती, ती लिंबोणी त्या दिवशी पांढऱ्या फुलांनी अशी लगडली होती, की पाने शोधावी लागत होती. सुगंध तर जिन्याच्या पहिल्या पायरीवरच येऊन भक्तांचे स्वागत करीत होता.

"डोळं मिटून वास घे गं. देवळातबी असा वास न्हाय."

"स्वामींनी नुसता हात फिरवला म्हणं!"

"नुसता कुठला? एकवीस दिवस बांधून घातलतं झाड. मी सोत्ता बघितलंय."

ड्रमाशेजारी पाटावर निंबेस्वामी विराजमान होते. कन्नडमध्ये लिंबाला निंबे म्हणतात, त्यावरून त्यांना हे नाव पडले होते. अंगात पिकल्या लिंबाच्या रंगाची कफनी, गळ्यात वाळलेल्या लिंबांची माळ आणि मुखात अखंड वाणी. "नोड्री, नोड्री! पाहा, मातांनो! हे झाड नव्हे, हा देवीचा मोबाइल टॉवर आहे! ह्याची मुळे पाताळात आणि रेंज कैलासात! तीन वर्षे ह्याला सिग्नल नव्हता. मी वरुणबंधन घातले, ड्रमाच्या तोंडाला लाल वस्त्र बांधले, पाण्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. तीर्थ गळून वाया जाऊ नये म्हणून पाताळाची तिन्ही द्वारे मेणाने बंद केली. बाविसाव्या दिवशी तीर्थ सोडले आणि पंधरा दिवसांत फुल्ल चार्जिंग!"

असे म्हणून ते लिंबोणीचे एक पान खुडत, तळहातावर मंत्र म्हणत चोळत आणि तो हात समोरच्या बाईच्या नाकाजवळ नेत. "आला सुगंध? हा माझ्या हाताचा सुगंध आहे." बाई धन्य होऊन आपल्या लोटीतले दूध ड्रमात रिकामे करी आणि पुढे सरके.

ह्या सर्व सोहळ्यात एकच व्यक्ती अशी होती, जिच्या नाकाला तो सुगंध झोंबत होता. ती म्हणजे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जयाबाई. जिच्या झाडाचा हा महिमा होता, त्या वरच्या मजल्यावरच्या नीलमच्या त्या थोरल्या जाऊ. जयाबाई दारात बसून गहू निवडीत होत्या आणि रांगेत नव्याने आलेला प्रत्येक जण त्यांनाच विचारीत होता, "आक्का, झाड कुठं हाय?"

"वर."

हा एक शब्द त्या दिवशी त्यांना इतक्या वेळा उच्चारावा लागला, की शेवटी शेवटी त्यांनी नुसते बोट वर केले. ते बोटही मोठ्या कष्टाने वर जात होते.

जयाबाईंच्या मत्सराला कारण होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान मारुतीराव यांनी संकेश्वर रस्त्यावरच्या एकाच रोपवाटिकेतून, एकाच दिवशी, एकाच रिक्षातून लिंबोणीची दोन कलमे आणली होती. एकच ड्रम मधोमध आडवा कापून त्याचे दोन भाग केले होते. प्रत्येक भागाच्या बुडाला स्वतःच्या हाताने तीन भोके पाडली होती. एक भाग थोरल्या जावेला, एक धाकटीला. माती तीच, ऊन तेच, गच्ची तीच. किंबहुना जयाबाईंचे झाड अधिक उंच, अधिक हिरवे होते, कारण त्याची बडदास्त अधिक होती. जयाबाई संकेश्वराकडच्या उसाच्या घरात वाढलेल्या. त्या घरात माया मोजायची ती पाण्याने. पाटाला पाणी आले की घरातला आजारी माणूससुद्धा अंथरूण सोडून बांधावर जाई. त्यामुळे जयाबाई सकाळी एक घागर आणि संध्याकाळी एक घागर, सणवार न पाहता, आपल्या लिंबोणीला पाजीत आल्या होत्या. आणि एवढे करून फूल आले कुणाच्या झाडाला, तर जी आठवड्यातून दोनदा आठवण झाली तर पाणी घालायची, तिच्या!

दुपारी रांग ओसरल्यावर त्या सांडगे वाळत घालण्याच्या निमित्ताने गच्चीवर गेल्या. नीलमच्या झाडाला हार घातले होते. त्यांच्या स्वतःच्या झाडाला कोण्या भक्तिणीने आपली भाजीची पिशवी अडकवलेली होती आणि विसरून गेली होती. जयाबाईंनी ती पिशवी काढली. मग त्यांनी त्या पांढऱ्याशुभ्र फुलांकडे पाहिले आणि ओठांतल्या ओठांत एक वाक्य उच्चारले.

"वाळून जाऊ दे मेलं."

कोणी ऐकले नाही. गच्चीवर दुसरे कोणी नव्हतेच. तथापि, जयाबाईंनी स्वतः ते ऐकले.

मत्सर माणसाला गप्प बसू देत नाही. चौथ्या दिवशी जयाबाई स्वतःच स्वामींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. स्वामींनी त्यांच्याही ड्रमाची भोके मेणाने बुजवली, तोंडाला लाल वस्त्र बांधले आणि एकवीस दिवस पाणी वर्ज्य असल्याची आज्ञा केली. आठ दिवस जयाबाईंनी कसेबसे काढले. नवव्या दिवशी पाने वळू लागली. तहानलेल्या लेकरासारखे ते झाड आपल्याकडे पाहत आहे, असे त्यांना वाटले. उसाच्या घरची लेक ती, तिला ते कसे बघवावे? दुपारी कोणी नसताना त्यांनी वस्त्राची कड उचलून तांब्याभर पाणी आत सोडले. मग रोज सोडले. झाड पुन्हा हिरवेगार झाले. फूल मात्र एकही आले नाही.

"मन शुद्ध नसेल तिथे देवी फुलत नाही, माता," स्वामी म्हणाले. जयाबाईंनी मान खाली घातली. आपण पाणी घातल्याचे त्या बोलल्या नाहीत.

एव्हाना स्वामींनी गल्लीतल्या अकरा घरी बंधने घातली होती. चार घरी फुले आली. तिथे स्वामींची आरती झाली. सात घरी आली नाहीत. तिथे स्वामींनी डोळे मिटून घरातल्याच एखाद्या बाईकडे बोट केले. कुठे नवी सून निघाली, कुठे म्हातारी सासू. गिरणीवाल्यांच्या घरी नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिलेली त्यांची लेक मालुबाई निघाली. तिची पेटी तिच्या भावानेच उचलून बाहेर ठेवली. फुलले तर स्वामींची कृपा आणि न फुलले तर बाईची नजर, असा तो चोख कारभार होता. त्यात हरण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

आणि इकडे चैत्र लागला, तसे नीलमचे झाड पिवळे पडू लागले.

आधी फुले गळाली. मग मिरीएवढी धरलेली लिंबे गळाली. मग पाने शेंड्याकडून पिवळी होत होत झडू लागली. नीलमने घाबरून तीर्थ दुप्पट केले, भक्तांनी दूध वाढवले; पण झाड दिवसेंदिवस मान टाकीत गेले. स्वामींना बोलावणे गेले. त्यांनी ड्रमाला तीन प्रदक्षिणा घातल्या, नाक वाकडे केले आणि जिन्याच्या दिशेने, खालच्या मजल्याकडे बोट केले.

"ही दृष्ट बाहेरची नाही. ह्या घरात एक झाड वांझ आहे. आणि त्या झाडाची मालकीणही..."

पुढचे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. उच्चारण्याची आवश्यकताही नव्हती. जयाबाईंना मूलबाळ नव्हते, हे गल्लीला ठाऊक होते.

"ह्या घरात सून गरोदर आहे ना?" स्वामी पुढे म्हणाले. "झाडाचे झाले ते गर्भाचे होईल. ओटीच्या दिवशी ती नजर घरात नको. बारसे होईपर्यंत नको."

सून म्हणजे रचना, नीलमच्या साईराजची बायको. तिला सातवा महिना लागला होता. साईराज बेळगावजवळच्या मच्छे गावी कारखान्यात नोकरीला होता आणि शनिवारी घरी येई. रचनाला आई नसल्यामुळे बाळंतपण सासरीच व्हायचे होते. त्या बाळंतपणाची तयारी जयाबाई तीन महिन्यांपासून करीत होत्या. साईराजला त्यांनीच न्हाऊमाखू घातले होते, कारण त्या वेळी नीलम वर्षभर आजारी होती. तो त्यांना मोठी आई म्हणे. मऊ जुन्या लुगड्यांची बाळोती शिवून त्यांनी घड्या करून ठेवली होती.

त्याच संध्याकाळी नीलम खाली आली. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आक्का, तुमी जरा संकेश्वराला भावाकडं जाऊन या की. दोन-तीन महिनं."

"आन् रचनाची ओटी?"

नीलमने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "परवाच हाय की ती."

"मला ठावं हाय ती परवा हाय म्हणून. मी न्हाय व्हय तिच्या ओटीला?"

"मला काय बरं वाटतंय व्हय, आक्का? पर पोटातल्या जिवाचा प्रश्न हाय. समजून घ्या."

आतून मारुतीराव कडाडले, "कोण कुठला लिंबूवाला, आन् त्येच्या सांगण्यावरनं माझ्या बायकोला घराभाईर काढतीस व्हय गं?"

"तुमी गप बसा वो," जयाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका शांत होता, की मारुतीराव खरोखरच गप्प बसले. "जाते मी."

नीलम गेल्यावर मारुतीरावांनी विचारले, "तू का ऐकून घेतलंस?"

"कारण त्यो खरं बोलतोय. मी म्हणालते, वाळून जा म्हणून. आन् त्ये वाळलं." जयाबाई पिशवीत लुगडी भरू लागल्या. "माझ्या त्वांडात इख हाय. रचनाच्या सावलीलाबी मी उभी ऱ्हायला नको."

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. स्वामींची खरी करामत फुलांत नव्हती, ती येथे होती. एका साध्या बाईला आपण चेटकीण आहोत, असे तिच्याच तोंडून कबूल करायला लावणे, ह्याहून मोठी हातचलाखी कोणती?

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाबाई समोरच्या घरी गेल्या. तिथे भीमाप्पा आणि त्यांची लेक पारमिता राहत. भीमाप्पांनी उभी हयात लोकांच्या बागांत आणि वखारीत मजुरी केली होती आणि त्या मजुरीवर लेकीला शिकवले होते. पारमिता हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवीत असे. जयाबाईंना फक्त झाडाची सोय लावायची होती.

"पारमिता, मी गावाला निघाले बघ. आमच्या मालकास्नी झाडाचं ध्यान ऱ्हात न्हाय. तेवढं माझ्या लिंबोणीला पाणी घालशील? सकाळी एक घागर, सांजला एक घागर."

कट्ट्यावर बसलेले भीमाप्पा एकदम हसले. "दोन घागरी? आक्का, लिंबू हाय का ऊस हाय त्यो?"

"का वो, आप्पा?"

"आवो, मी विजापूरकडं लिंबाच्या बागांत सात हंगाम काढल्यात. तिथं बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडत्यात. जमीन भेगाळूस्तवर, पानं वळूस्तवर तोडत्यात. त्येला ताण देणं म्हणत्यात. झाडाला वाटतंय, आता आपलं काय खरं न्हाय, मरायच्या आधी बी तरी टाकून जावं. आन् मग पाणी सोडलं, की फुलतंय भसाभसा. तुमी रोज एवढं पाजताय, मग त्ये कशापायी फुलंल? त्येला कसली काळजी हाय व्हय? सासूच्या लाडक्या जावयागत बसून खातंय!"

जयाबाई हसल्या नाहीत. त्या कट्ट्यावर टेकल्या. "म्हणजे, स्वामींनी एकवीस दिवस..."

"पाणी तोडलं. दुसरं काय केलं न्हाय. बागेतला कुठलाबी गडी ह्ये करतोय, फकस्त त्येला कुणी पाया पडत न्हाय."

तेव्हा जयाबाईंनी सारे सांगितले. चोरून घातलेले पाणी सांगितले, स्वामींचे बोट सांगितले, उद्यावर आलेली ओटी सांगितली. सर्वांत शेवटी, अगदी हळू आवाजात, ते गच्चीवरचे वाक्य सांगितले.

पारमिताने त्यांचा हात हातात घेतला. "काकू, आमच्या हेडमास्तरांना मी गेली दोन वर्षं रोज मनातल्या मनात शिव्या घालतेय. त्यांचं वजन सात किलोनं वाढलंय. शिव्यांनी माणूस वाळत नाही, तर झाड कसं वाळेल?"

"मग त्ये वाळलं कशानं?"

"ते ड्रम उघडल्याशिवाय मी सांगणार नाही. न बघता सांगितलं, तर माझ्यात आणि त्या स्वामीत फरक काय राहिला? तुम्ही गावाला जाऊ नका. मी उद्या येते. माझ्या शाळेत चार कुंड्या आहेत, त्याही घेऊन येते."

ओटीच्या दिवशी गच्चीवर मांडव घातला होता. हिरवी साडी, हिरवा चुडा आणि फुलांची वाडी घातलेली रचना खुर्चीवर बसली होती. तिच्या उजव्या हाताला उच्चासनावर निंबेस्वामी होते. जयाबाई जिन्याच्या दाराआड उभ्या होत्या. साऱ्या बायकांना त्या दिसत होत्या. पण कोणी पाहिल्याचे दाखवले नाही. इतक्यात भीमाप्पा, पारमिता आणि मारुतीराव एकेक, दोन-दोन कुंड्या पोटाशी धरून वर आले.

"हे काय आणलंसा?" नीलमने विचारले.

"आहेर," पारमिता म्हणाली. "नीलमकाकू, ओटीच्या आधी पाच मिनिटं द्या. ह्या चार कुंड्यांत लिंबाची कलमं आहेत. तुमच्या झाडाला फुलं आली, त्या आठवड्यात नववीच्या पोरांना घेऊन मी हा प्रयोग सुरू केला. ह्या दोन कुंड्यांना रोज स्वामींचं तीर्थ घातलं. आमचे आप्पा रांगेत उभं राहून बाटली भरून आणायचे."

"तीन बाटल्या आणल्यात मी," भीमाप्पा म्हणाले. "स्वामींनी माझ्या डोक्यावर हातबी ठेवलाय."

"त्यांत एक तरी फूल दिसतंय का, बघा. आणि ह्या दोन कुंड्यांचं पाणी बारा दिवस तोडलं. कुंडी लहान, म्हणून बारा दिवसांतच पानं वळली. मग नळाचं पाणी दिलं. ना मंत्र, ना लाल वस्त्र, ना तीर्थ."

त्या दोन कुंड्या फुलांनी भरलेल्या होत्या. मांडवातल्या बायका पुढे झुकल्या. सुगंध आला. तोच, तसाच.

स्वामी किंचितही डगमगले नाहीत. "मूढ बालिके! तुझ्या शाळेवरही माझीच कृपा झाली. माझी कृपा वायरलेस आहे!"

"मग ती अर्धा मैल लांब शाळेपर्यंत आली, पण दहा फुटांवर असलेल्या जयाकाकूंच्या झाडापर्यंत का नाही गेली?"

मांडवात कोणीतरी फिस्सकन हसले. स्वामींचा चेहरा प्रथमच उतरला.

"आन् त्यो पानाचा वास," भीमाप्पा म्हणाले. त्यांनी एक पान खुडून रचनाच्या हाती दिले. "पोरी, उजेडाकडं धरून बघ. बारीक बारीक ठिपकं दिसत्यात? त्यात तेल असतंय. चुरगाळलं की वास येतोय. स्वामींनी चुरगाळू दे न्हायतर तुझ्या सासूनं."

रचनाने पान उन्हाकडे धरले. तिने ते चुरगाळले आणि हुंगले. मग तिने ते शेजारच्या बाईला दिले. ते पान हातोहात फिरले.

"हे सगळं राहू द्या," नीलम रडकुंडीला येऊन म्हणाली. "फुललं कसं, त्ये कळलं. पर वाळलं कशानं? त्ये तर दृष्टीनंच वाळलं न्हव?"

"ड्रम उलटा करून बघू या," पारमिता म्हणाली.

स्वामी ताडकन उभे राहिले. "हात लावू नका! बंधन मोडाल, तर गर्भावर येईल! मी जबाबदार नाही!"

मारुतीरावांचा पुढे झालेला हात थबकला. पारमिताही थांबली, कारण तो जीव तिच्या पोटातला नव्हता. सर्वांनी रचनाकडे पाहिले.

रचना लग्नाआधी मच्छ्यालाच एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करीत असे. ती सावकाश उठली. तिने एक हात पोटावर ठेवला.

"आमच्या कारखान्यात नग बाद निघाला, तर आधी मशीन उघडून बघायचे," ती म्हणाली. "न उघडता कामगारावर नाव टाकलं, तर साहेबालाच बोलणी बसायची. माझ्या लेकराचं कारण सांगून तुमी माझ्या मोठ्या आईस्नी दाराआड उभं केलंय. थोरलं मामा, ओता ड्रम. पोटाचं मी बघते."

मारुतीरावांनी आणि भीमाप्पांनी मिळून ड्रम आडवा केला. बुडाची तिन्ही भोके मेणाने गच्च बुजलेली होती. मारुतीरावांनी किल्लीच्या टोकाने मेण उकरले आणि आतून जे बाहेर आले, त्याच्या वासाने पुढच्या रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून मागे पळाल्या. काळे, फेसाळ, आंबलेले पाणी होते ते. दीड महिन्याचे दूध, तीर्थ, हळद, पेढे आणि झेंडूच्या पाकळ्या, सारे त्यात कुजत पडले होते. भीमाप्पांनी माती बाजूला करून एक मूळ चिमटीत धरले. त्याची साल मोज्यासारखी सरकन निघून हाती आली.

"मुळं कुजल्यात," ते म्हणाले. "पाणी जायला वाट न्हाय, मुळाला हवा न्हाय. ह्येला नजर लागली न्हाय वो, ह्येला तुमचं दूध लागलं. आन् ज्यानं ही भोकं बुजवली, त्यो हितंच बसलाय."

ही भोके स्वामींनीच बुजवली होती, हे सर्वांनी पाहिले होते. त्यांनी ते स्वतःच्या मुखाने रांगेला शंभरदा सांगितलेही होते. आता स्वामींना चिकोडीचा कार्यक्रम आठवला. ते पादुका शोधू लागले. तथापि, जिन्याच्या तोंडाशी गिरणीवाल्यांची म्हातारी येऊन उभी राहिली.

"थांब की रं बाबा. माझ्या मालूला तू घरातनं काढायला लावलंस. आमच्या ड्रमाचीबी भोकं तूच बुजवलीस न्हव? चल, आमचाबी ड्रम उलटा करू. मग जा कुठं जायचं त्ये."

त्या दिवशी गल्लीतले उरलेले दहाही ड्रम उलटे झाले. अशा कृत्यांविरुद्ध राज्यात कायदा आहे, हे पारमिताने समजावून सांगितले. रीतसर तक्रार लिहिली गेली. तिच्यावर पहिला अंगठा गिरणीवाल्यांच्या म्हातारीचा होता. मालुबाईची पेटी ज्या भावाने बाहेर ठेवली होती, त्याच भावाने ती परत आत आणली.

परंतु हे सर्व नंतरचे. त्या क्षणी गच्चीवर काय घडले, ते सांगायचे राहिले.

दाराआडून जयाबाई बाहेर आल्या. त्या सुटल्या होत्या, कोणी त्यांना बोल लावणार नव्हते. गप्प राहिल्या असत्या, तरी चालले असते. पण त्या नीलमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नीलम, मुळं कुजली त्ये खरं. पर मी म्हणालते, वाळून जाऊ दे म्हणून. तुझं झाड फुललं, आन् मला बघवलं न्हाय."

नीलमने हातातले तबक खाली ठेवले. मग ती म्हणाली, "आक्का, फुलं आली त्या दिवशी माझ्याबी मनात पाप आलतं. फुलांची बाजू मी मुद्दाम तुमच्या झाडाकडं वळवून ठेवलती. तुमी पाणी घालायला वर आला, की समोर दिसावी म्हणून. ड्रम फिरवताना कंबर धरली माझी. चार दिवस वाकता येत नव्हतं."

"तरीच तू चार दिवस झाडू मारला न्हाईस! मी म्हणालते, देवीच्या मालकिणीला आता काम जड झालंय!"

दोघीही हसल्या आणि हसता हसता दोघींचेही डोळे भरून आले. रचना म्हणाली, "मला उभं राहून कळा लागायच्या आता! मोठ्या आई, ओटी भरताय न्हव? पहिली तुमीच भरा."

मूलबाळ नसलेल्या बाईने पहिली ओटी भरायची, हे काही बायकांना रुचले नाही. एकीने तसे सुचवलेही. नीलमने तिच्याकडे असे पाहिले, की ती खोबऱ्याची वाटी शोधण्यात गढून गेली. जयाबाईंनी हात स्वच्छ धुतले आणि तांदूळ, नारळ, सुपारी, खण रचनाच्या ओटीत घातले. पुढे अडीच महिन्यांनी रचनाला मुलगी झाली. मुलगी सुखरूप आहे, ह्यातही कोणाची कृपा किंवा नजर नाही. दवाखान्यातल्या नियमित तपासणीचे आणि आईच्या सकस जेवणाचे ते फळ आहे.

सुज्ञ वाचकहो, मत्सर कोणाच्या मनात येत नाही? शेजाऱ्याच्या अंगणात फूल उमलले, की आपल्या मनात काटा उगवतो. तो काटा आपल्यालाच टोचतो. त्याने दुसऱ्याचे झाड सुकत नाही, दुसऱ्याचे लेकरू आजारी पडत नाही. मनात आलेला वाईट विचार ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, परंतु ते विष नव्हे आणि तो विचार मनात आणणारी स्त्री चेटकीण नव्हे. आपल्या गावात, आपल्या गल्लीत, एखादे झाड वाळले म्हणून, म्हैस आटली म्हणून, पोराला ताप आला म्हणून आजही कोणीतरी बाई दाराआड उभी केली गेली असेल. तिला आधी आत बोलवावे. झाडाचे काय झाले, ते नंतर दिवसाउजेडी, सर्वांदेखत, हाताने उकरून पाहता येते.